सेन्सरवरचं कुंकू

आबासाहेब गाडी चालवतात तेव्हा मागच्या रिक्षावाल्याच्या तोंडून जे शब्द निघतात ते मी इथे लिहिणार नाही. चाळीसच्या वर काटा जात नाही. रस्ता मोकळा असो, उतार असो, मागे ट्रक बोंबलत असो, चाळीस म्हणजे चाळीस. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते, आणि माझा स्वभाव कसा आहे ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसले तेव्हा मध्येच उतरून चालत जावं असं वाटलं होतं. मग पुढच्या सीटवरच्या अक्काकडे लक्ष गेलं आणि चाळीसचं कारण कळलं.

अक्का म्हणजे आबांची बायको, दगडाबाई. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी दगड नाव ठेवलं. पोर दगडासारखी टिकली खरी, पण तिला गाडी लागते. लागते म्हणजे थोडीथोडकी नाही. एसटीचं दार उघडून आतला वास आला की हिचा चेहरा पांढराफटक. तिचा मुलगा अभिमन्यू पुण्याला असतो. त्याच्या मोठ्या गाडीत काचा बंद, आत गारेगार, आरशाला अत्तराची बाटली टांगलेली. त्या गाडीत सावळेश्वरचा टोलनाका यायच्या आत दोनदा थांबावं लागलं. भाड्याच्या गाड्यांचं तेच. गोळी घेतली तर डोकंही गरगरलं आणि उलटीही झाली. फक्त एका वाहनात तिला काही होत नाही. आबांची ती सतरा वर्षांची चंदेरी गाडी, हाताने फिरवून खाली करायची काच, मांडीवर हुंगायला एक लिंबू, आणि चाळीसचा वेग. तिचं माहेर करकंबला. ह्या गाडीमुळे तिला माहेर उरलं होतं, इतकी साधी गोष्ट आहे.

आबा स्वतःही करकंबचेच, पण जन्म गेला सोलापुरात, पाणी सोडण्यात. ते चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून, छातीएवढी उंच चावी खड्ड्यात सोडून जो गल्लीला पाणी सोडतो तो चावीवाला. जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे नगरसेवकापेक्षा चावीवाल्याला मान जास्त असतो. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी आमच्याकडच्या बायका अजून त्यांना दारात अडवून विचारतात, "आबा, पाणी कवा?" आणि तेही घड्याळ बघून उत्तर देतात. त्यांचा एकच धर्म होता. व्हॉल्व्हला कधी झटका द्यायचा नाही. पाव वळसा पुढं, थोडं मागं, थांबायचं, परत पाव वळसा. झटका दिला की आतला दांडा मोडतो आणि अख्खी गल्ली हंडे घेऊन दारात येते. हा माणूस जेवतोही तसाच. त्यांच्यासोबत पंगतीला बसलं की माझं ताट धुऊन होतं तरी त्यांची पहिली भाकरी चालू असते.

दिवाळीनंतर गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला. आधी थोडा, मग अंगणात उभं राहिलं तरी डोक्यात जाईल इतका. सायलेन्सरच्या तोंडाला काजळी धरली. मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तो विझेना. धूर तपासणाऱ्याने मान हलवून परत पाठवलं. आणि एक दिवस करकंबला निघालेले दोघं मोहोळच्या अलीकडूनच माघारी आले. ह्या गाडीत अक्काला पहिल्यांदा उलटी झाली होती. ती उतरली, पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "संपलं बाई माझं म्हायेर." रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यात बारशाचं आमंत्रण आलेलं. अक्काचा धाकटा भाऊ येडू, त्याच्या मुलाला मुलगी झाली होती. त्या मुलाला बहीण नाही, म्हणजे बाळाला सख्खी आत्या नाही. मग कानात नाव सांगायचा मान आजोबांच्या बहिणीचा, अक्काचा. येडूभाऊंनी फोनवर सांगूनच टाकलं होतं, "अक्के, तू आल्याबगर पाळणा हलायचा न्हाय." बारसं रविवारी.

अभिमन्यूचाही फोन आला. "आबा, ती गाडी आता भंगारात द्या. मी रविवारी येतो, माझ्या गाडीतनं बारशाला जाऊ आणि आल्यावर त्या गाडीचं काय ते उरकून टाकू." अभिमन्यू वाईट मुलगा नाही. आईने मनावर घेतलं तर उलटी थांबते असं त्याला वाटतं, इतकंच. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू सरळ करकंबला ये. आमी आमच्या गाडीनं येतो. न्हाय जमलं तर मग काय ते कर."

ते गौसकडे गेले. गौस त्यांच्या ओळखीचा मिस्त्री, होटगी रोडला गॅरेज. त्याने गाडीला यंत्र जोडलं आणि बिघाड सांगितला. घरी आल्यावर आबांनी तो आम्हा दोघींना समजावला. "सायलेन्सरच्या नळीत दोन सेन्सर असत्यात, ऑक्सिजनचे. धुरात हवा किती उरली ते हुंगत्यात आन इंजिनाला सांगत्यात, पेट्रोल कमी सोड, जास्त सोड. त्यांचं नाक बंद पडलंय. काय कळंना म्हणून इंजिन नुसतं पेट्रोल ओतायलंय."

"म्हंजी चावीवाला झोपलाय की," अक्का म्हणाली.

आबांना हे इतकं पटलं की दिवसभर येईल त्याला तेच सांगत होते. अडचण एकच होती. गौसच्या घरी लग्न होतं, गॅरेजला आठवडाभर कुलूप. बदलायचे तर आपल्या हाताने, नाहीतर बारसं गेलं. गौसने सेन्सर मिळवून दिले, वायर बाहेर राहावी म्हणून एका अंगाला चीर असलेला पाना दिला, आणि एक ताकीद दिली, "आबा, नव्या सेन्सरच्या टोकाला हात लावू नका. तेल न्हाय, ग्रीस न्हाय, कायबी न्हाय. टोक कोरं पायजे." ही ताकीद आबांनी घरी येऊन मोठ्याने सांगितली. पण तेव्हा अक्का आत मिक्सरवर माझ्या चटणीचे शेंगदाणे फिरवत होती.

बुधवारी सकाळी काम सुरू झालं. पुढची चाकं फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, बॅटरीची वायर सोडली. खाली विटकी सोलापुरी चादर अंथरून आबा आत सरकले आणि बाहेर राहिले फक्त पाय. आदल्या दिवशी त्यांनी आट्यांवर गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं होतं, सकाळी इंजिन जरा कोमट करून घेतलं होतं. तरी सतरा वर्षांचा गंज तो, हटायला तयार नाही. पाव वळसा पुढं, थोडं मागं, थांबायचं. परत तेल. परत पाव वळसा. मी तव्यावर भाकरी टाकून बाहेर यायची, बघायची, आत जायची. माझा जीव वर-खाली व्हायला लागला.

"आबा, द्या की एक दणका," मी म्हणाले.

"वयनी, दणका दिला की आटे फाटत्यात," गाडीखालून आवाज आला. "मग नवी नळीच आणा."

"मग दुपारपर्यंत असंच का?"

"सोडवायचंय त्याला. मोडायचं न्हाय."

मला असलं बोलणं सहन होत नाही, म्हणून मी आत गेले. त्या दिवशी माझ्या पाच भाकऱ्या करपल्या त्या ह्याच माणसामुळे. अखेर जेवायच्या वेळेला कर्र आवाज झाला आणि आबा पहिला सेन्सर हातात घेऊन बाहेर आले. चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखा काळा होता. दुसरा त्या मानाने लवकर सुटला. घामाने आणि काजळीने आबांचं तोंड असं झालं होतं की अक्का पाणी घेऊन आली ती हसतच सुटली. "जावा, हातपाय धुवा आदी," म्हणाली. आबा गेले, आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं.

अक्काची एक रीत आहे. नवी वस्तू घरात आली की पूजल्याशिवाय वापरायची नाही. मिक्सर, इन्व्हर्टरची बॅटरी, मोबाइल, सगळ्यांना देवासमोर बसावं लागतं. अभिमन्यूच्या नव्या लॅपटॉपवर तिने इतकं कुंकू वाहिलं होतं की त्याची बटणं महिनाभर लालच होती. माझ्या शेगडीवर अजून तिच्या बोटांचे ठसे आहेत, आणि मी ते घासत नाही. तर आबा हात धुऊन आले तेव्हा दोन्ही नवे सेन्सर डब्यातून निघून देवासमोर पाटावर आडवे होते. त्यांच्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि एकेक झेंडूचं फूल. कुंकू तेलात कालवलेलं होतं, लवकर झडू नये म्हणून. आणि लावलं होतं नेमकं टोकाला, जिथे त्या चकचकीत टोपीला बारीक भोकं असतात तिथे. तिचा हिशेब सरळ होता. वायर म्हणजे शेपूट, मग दुसरं टोक ते डोकं. कुंकू डोक्याला लावतात.

"माजं म्हायेर तुमच्या हातात हाय रे बाबानु," असं ती त्या सेन्सरांना सांगत होती. आबांनी ते ऐकलं. दोन्ही उचलले आणि बाहेर आले.

गाडीजवळ मी होते. कुंकू पाहून मीच कपाळाला हात लावला. "आबा, गौस काय म्हणाला होता? पुसा ते."

त्यांनी खिशातून फडकं काढलं. हात सेन्सरपर्यंत गेला आणि थांबला. परत गेला, परत थांबला. "तिच्या हातचं कुंकू हाय वयनी," ते म्हणाले. "मी कसं पुसू? मी जित्ता असताना?"

"अहो, कपाळावरचं आहे का ते? लोखंडावरचं आहे."

"असू दे की. कुंकू ते कुंकूच."

मला राग आला. इतकी मेहनत आणि शेवटी हे. "आणा इकडं," मी हात पुढे केला. "मी पुसते. माझं काय पुसायचं राहिलंय आता?"

माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. हे मी रागात बोलले, पण बोलून झाल्यावर माझाच आवाज मला कसातरी वाटला. आबांनी सेन्सर छातीशी धरले आणि मान हलवली. "तुमाला तर न्हायच देणार," ते म्हणाले. "तुमच्या हातनं असलं काम मी कराय लावू व्हय?" आणि वाकून गाडीखाली गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पदराने टिपलं आणि भाकरी बघायला आत गेले.

सेन्सर कुंकवासकट बसले. बॅटरी जोडली, गाडी सुरू केली, पिवळा दिवा लागला आणि विझला. आबांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बघा, काही झालं नाही. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही दोघं विजापूर रोडला फेरी मारून आले. वास नाही, उलटी नाही. अक्काने पेटीतून बारशाची साडी काढली, बाळाला चांदीचे वाळे घेतले, मला म्हणाली, "तूबी चल की गं, मागं जागा हाय." मीही रविवारच्या भाकरीच्या ऑर्डरी बंद केल्या.

शुक्रवारी संध्याकाळी दिवा परत लागला. मागोमाग वास.

आबा गाडीत बसूनच राहिले, दिव्याकडे बघत. त्यांना कारण माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ज्या बाईला सांगायला पाहिजे तिला सांगायची त्यांची हिंमत नव्हती. सांगितलं असतं तर आपल्याच हाताने आपण घाण केली हे तिच्या मनात कायमचं बसलं असतं, हे त्यांचं म्हणणं. अक्काने वास घेतला. साडी घडी करून पेटीत ठेवली. शनिवारी सकाळी मला म्हणाली, "तुमी दोघं जावा. वाळे देते. नाव दुसरं कुनीबी सांगल." मला राहवलं नाही. दोघं एकमेकांना जपतात आणि त्या जपण्यातच दोघांचं नुकसान होतं, असली माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं. मी सगळं सांगून टाकलं. टोक, भोकं, गौसची ताकीद, फडकं, सगळं.

अक्का ऐकत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार.

"म्हंजी मी त्याच्या नाकात कुंकू कोंबलं व्हय?" तिने विचारलं. आणि हसायला लागली. पोट धरून हसली. मग हसणं थांबलं आणि चढ्या आवाजात हाक मारली, "अवो, हिकडं या."

आबा आले ते शाळेतल्या पोरासारखे. अक्काने अंगणात स्टूल टाकलं होतं, त्यावर बसली होती. "काडा ते दोन्ही."

"अगं पर..."

"काडा म्हणते की."

नवे सेन्सर लगेच सुटले. टोपीच्या भोकांवर कुंकवाची काळी खपली जळून बसली होती. आबांनी ते अक्काच्या हातात दिले आणि तोंड फिरवून उभे राहिले. अक्काने जुना मऊ टूथब्रश घेतला, एकेक भोक मोकळं केलं, खपली झाडली, शेवटी कोरड्या फडक्याने टोपी हलकेच टिपली. घाई नाही, झटका नाही. थोडं पुढं, थोडं मागं. चाळीस वर्षं कुणासोबत काढली ते दिसत होतं.

"झालं," ती म्हणाली. "बगा हिकडं. काय झालं का तुमाला?"

आबांनी वळून पाहिलं. अक्काने करंडा उघडला, बोटाला कुंकू घेतलं आणि स्टुलावरून उठून आबांच्या कपाळावर टेकवलं, चांगलं ठसठशीत. "नव्या वस्तूला लावलं, जुन्याला लावायचं ऱ्हायलं हुतं," म्हणाली. "आता बसवा जावा." आणि मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, मी बाजूला व्हावं. पण तिने माझ्या हाताला धरलं आणि मला काही कळायच्या आत माझ्याही कपाळाला बोट लावलं. "माज्या घरात मी लावते. कोन काय म्हणतंय बगू." मी भांडकुदळ बाई, पण ते कुंकू मी पुसलं नाही. मला बरं वाटलं, हे मात्र सांगते.

आबा तसेच, कपाळावर कुंकू घेऊन गाडीखाली गेले. ते सेन्सर पुन्हा चालतील याची खात्री कुणालाच नव्हती. गौसने फोनवर सांगितलं, "नशीब आबा, बगा लावून." दिवा विझला. संध्याकाळपर्यंत आबांनी गाडी एकट्याने इतकी फिरवली की शेजारच्या पोरांना वाटलं, ते क्लास लावून ड्रायव्हिंग शिकायलेत. दिवा विझलेलाच राहिला.

रविवारी निघालो. पुढे अक्का, मांडीवर लिंबू. मागे मी, सोबत भाकऱ्यांचं गाठोडं. चाळीसने टोलनाका गेला. चाळीसने मोहोळ आलं. मोहोळला आबांनी अक्काकडे पाहिलं, मी अक्काकडे पाहिलं, आणि अक्का बाहेर उसाच्या गाड्या मोजत होती. करकंबला अभिमन्यू आधीच पोचून दारात उभा होता. आई गाडीतून स्वतः उतरून चालत येताना पाहून तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, सायलेन्सरला नाक लावलं, आणि बापाला म्हणाला, "आबा, मला शिकवा की हे." भंगाराचं नाव कुणी काढलं नाही. पाळणा सजला होता. अक्काने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं, "सृष्टी." बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, तो रिवाज असतो, पण येडूभाऊंच्या बायकोने जरा जोरात घातला आणि अक्का इतकी खूश की तो तिला लागलाही नाही.

परत येताना ऊन उतरलं होतं. मोहोळ सोडलं आणि मला पुढून काही आवाज येईना. वाकून पाहिलं. अक्काचं डोकं दाराला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. झोपली होती. ज्या बाईला गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत डोळे मिटायची भीती वाटते, ती झोपली होती. लिंबू घरंगळून पायाशी पडलं होतं, न हुंगलेलं, तसंच टवटवीत. आबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. काटा चाळीसवरून तीसवर आला. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले, आणि पहिल्यांदाच मला त्या हॉर्नवाल्यांचा राग आला.

आमची गल्ली आली. घर आलं. आबांनी गाडी थांबवली नाही. दारावरून हळूच पुढे नेली, कोपऱ्यावर वळवली आणि पुन्हा मोठ्या रस्त्याला लावली.  माझं भाकरीचं पीठ चाळायचं होतं, उद्याची ऑर्डर होती, तरी मी मागे टेकून बसले. विजापूर रोड झाला, होटगी रोड झाला, गौसचं बंद गॅरेज झालं. दिवेलागण व्हायला आली तेव्हा अक्काने डोळे उघडले, बाहेर पाहिलं आणि सरळ बसली.

"अवो, घर मागं ऱ्हायलं की."

"व्हय," आबा म्हणाले, "जाऊ की सावकाश," आणि गाडी वळवली.